गोड पानाचे रोप : ऊतिसंवर्धनाने स्टेव्हियाची लागवड

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहाय्यक शिक्षकांनी, बी. ए., बी. एड., दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी स्टेव्हियाच्या रोपांविषयी बोलणार असे फलकावर लिहिले गेले, तेव्हा आमच्या शिक्षक-खोलीत चांगलाच हशा पिकला. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस. मराठी आणि भूगोल हे माझे विषय. विज्ञानाचे सर शेजारी बसलेले असताना ऊतिसंवर्धन, म्हणजे ज्याला सर्वजण टिश्यू कल्चर म्हणतात, त्या विषयावर मी तोंड उघडावे हे थोडे धाडसाचेच आहे. पण त्याला एक कारण घडले. दोन वर्षांपूर्वी नववीच्या मुलामुलींची शैक्षणिक सहल घेऊन मी एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत गेलो होतो. मुलांनी घरी जाऊन सगळे सांगितले. तेव्हापासून पालक मला वाटेत थांबवून विचारू लागले, "सर, ते गोड पानाचं पीक लावावं का? रोपं लॅबची आहेत म्हणतात."

विचारणारे पालक हौसेखातर विचारीत नव्हते. त्यांपैकी एक चाचा बारा वर्षे आखातात ट्रेलर चालवून परतलेले. गाठीला असलेली रक्कम कोठेतरी लावावयाची होती. दुसऱ्या एका पालकांनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जमविलेले पैसे या पिकात घालण्याचे जवळजवळ ठरविले होते. दोघांच्याही हातात एकच रंगीत पत्रक. त्यात हिरव्यागार शेताचे छायाचित्र, "एकदा लावा, पाच वर्षे काढा" असा मजकूर, आणि ठळक अक्षरांत "टिश्यू कल्चर रोपे, खरेदीची हमी". त्या कंपनीचे नाव मी येथे घेणार नाही. परंतु टिश्यू कल्चर या दोन शब्दांत नेमकी कसली हमी आहे आणि कसली नाही, हे ज्याचे त्याला कळले पाहिजे, म्हणून मी ही पुस्तके चाळली, शेतकऱ्यांना भेटलो, आणि आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. स्टेव्हिया हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देशाचे झुडूप. विद्यार्थ्यांनी नकाशा डोळ्यांसमोर आणावा : पॅराग्वेला समुद्रकिनारा नाही, आणि त्याच्या ईशान्येस ब्राझीलच्या सरहद्दीला लागून अमांबाय नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. मकरवृत्त जवळूनच जाते. तेथील ग्वारानी लोक फार पूर्वीपासून या झाडाची पाने आपल्या येर्बा माते नावाच्या चहासारख्या पेयात गोडीसाठी घालीत. त्यांनी ठेवलेल्या नावाचा अर्थच गोड वनस्पती असा आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि पॅराग्वेत स्थायिक झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी यांनी १८९९ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले; १९०५ साली तिला स्टेव्हिया रेबाउडियाना हे आजचे नाव मिळाले. त्यातील रेबाउडी हे पॅराग्वेचे रसायनशास्त्रज्ञ. पुढे १९३१ साली फ्रान्समधील दोन रसायनशास्त्रज्ञांनी पानातील गोड द्रव्य वेगळे केले. तेच स्टेव्हिओसाइड. ते साखरेपेक्षा सुमारे अडीचशे ते तीनशे पट गोड असते. त्याचे एक भावंड म्हणजे रेबाउडिओसाइड-ए. स्टेव्हिओसाइड जिभेवर मागाहून किंचित कडवट लागते, रेबाउडिओसाइड-ए तितके लागत नाही. म्हणून बाजारात दुसऱ्याला मान अधिक. कोणत्या झाडात कोणते द्रव्य किती, यावर पानाची किंमत ठरते, हे लक्षात असू द्यावे.

जपानने १९७०च्या दशकाच्या आरंभापासून याचा व्यापारी वापर सुरू केला. अमेरिकेत २००८ साली शुद्ध अर्काला वाट मोकळी झाली, युरोपात २०११ साली, आणि आपल्या देशात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली परवानगी दिली.

आता रोपांकडे वळू. हे पीक लावावयाचे तर बी का पेरू नये? स्टेव्हिया सूर्यफुलाच्या आणि झेंडूच्या कुळातली. फूल पांढरे, अगदी बारीक. बी त्याहून बारीक, टोकाला केसांचा झुबका असलेले, वाऱ्याने उडून जाणारे. त्यातले बरेचसे बी पोचट असते, आणि जे भरलेले असते त्याचीही उगवण लवकर कमी होत जाते. पण खरी अडचण यापुढची आहे. या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या झाडाचे पराग यावे लागतात. म्हणजे प्रत्येक बी हे दोन निराळ्या झाडांचे अपत्य. एका घरातील चार भावंडांचे चेहरे जसे चार तऱ्हेचे असतात, तसे एकाच झाडाच्या बियांतून उगवलेल्या रोपांपैकी एखादे खूप गोड, एखादे फिके, एखादे कडवट निघते. शेत दिसायला एकसारखे हिरवे, आणि पाने तपासायला गेली की हिशेब लागत नाही.

आपल्या भागात यावरचा उपाय समजावून सांगावा लागत नाही. उसाचे बी आपल्यापैकी कोणी पेरले आहे काय? आपण बेणे आणतो आणि डोळ्यांची टिपरी लावतो. ८६०३२ चे बेणे लावले की ८६०३२ च उगवतो. हापूसच्या कोयीतून हापूस येईलच असे नाही, म्हणून आपण कलम बांधतो. केळीचे मुनवे लावतो, डाळिंबाची गुटी बांधतो. मूळ झाडाचाच एक तुकडा वाढवून तेच झाड पुन्हा मिळविणे, ही आपल्या आजोबा-पणजोबांची विद्या आहे. स्टेव्हियाचेही तसेच करता येते. कोवळ्या फांदीची बोटभर छाट वाळूमिश्रित मातीत लावून ओल राखली तर तिला मुळे फुटतात. मात्र एका झाडापासून एका हंगामात छाटे मिळणार ती थोडी, आणि मूळ झाडात रोग असेल तर तोही छाटाबरोबर येतो. एकरभर रान एकदम लावावयाचे असेल तर एवढी छाटे आणणार कोठून?

येथे ऊतिसंवर्धन उपयोगी पडते. ऊती म्हणजे पेशींचा समूह. वनस्पतीची एक पेशीसुद्धा योग्य खुराक मिळाल्यास संपूर्ण झाड घडवू शकेल, असा विचार १९०२ साली ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ गॉटलीब हाबरलांट यांनी मांडला. त्यांच्या काचपात्रातील पेशी जिवंत राहिल्या, पण त्यांचे विभाजन काही झाले नाही. विचार बरोबर होता, खुराक अपुरा होता. त्यानंतर पन्नास-साठ वर्षे अनेक देशांत अनेक माणसे या खुराकाच्या मागे लागली. कोणी नारळाचे पाणी घालून पाहिले, आणि त्याचा गुणही आला. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी रोगट डेलियाच्या शेंड्याचा सूक्ष्म भाग वाढवून त्यापासून विषाणूमुक्त झाडे मिळविली. १९५७ साली अमेरिकेत स्कूग आणि मिलर यांनी दाखवून दिले की दोन प्रकारच्या संप्रेरकांचे परस्पर प्रमाण बदलले की त्याच तुकड्याला कधी कोंब फुटतात, कधी मुळे.

याच स्कूग यांच्या हाताखाली तोशिओ मुराशिगे नावाचा हवाई बेटांत जन्मलेला जपानी वंशाचा विद्यार्थी काम करीत होता. त्याने तंबाखूच्या पानांचा अर्क खुराकात घातला, तेव्हा वाढ एकदम जोमाने झाली. अर्कात एखादे नवे संप्रेरक असावे असे वाटले. शोध घेता घेता निघाले असे की, ही करामत संप्रेरकाची नसून अर्कातील साध्या क्षारांची होती. मग त्या क्षारांचे प्रमाणच नीट बसवून १९६२ साली दोघांनी ते प्रसिद्ध केले. एम. एस. माध्यम म्हणून आज जगभर प्रयोगशाळांतून जे वापरतात ते हेच. परीक्षेत अपेक्षित उत्तर आले नाही म्हणून वही मिटणाऱ्या मुलांनी मुराशिगेची ही हकिगत जरूर वाचावी.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम जुने आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस या शास्त्रज्ञांनी बांबूच्या रोपांना काचपात्रातच फुले आणून दाखविली आणि १९९० साली ते नेचर या नियतकालिकात छापून आले. बांबू रानात फुलायला कित्येक दशके लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळेल. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची, जळगावकडे केळीची अशी रोपे होतात, हे तर शेतकरी बंधूंना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता आम्ही प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगतो. प्रयोगशाळेच्या दारातच चपला काढाव्या लागल्या, पाय धुवावे लागले, डोक्याला टोपी. आत पहिली खोली बाटल्या धुण्याची. दुसऱ्या खोलीत माध्यम शिजवितात. हा मुलींना फार आवडलेला भाग, कारण हे स्वयंपाकघरच की हो! एक लिटर पाण्यात मोजून-मापून क्षार, जीवनसत्त्वे, तीस ग्रॅम साखर, थोडे संप्रेरक, आणि ते घट्ट होण्यासाठी आठ ग्रॅमच्या आसपास अगर. अगर म्हणजे आपले चायना ग्रास. रमजानमध्ये दूध घालून ज्याच्या वड्या पाडतात तेच. मिश्रणाची आम्लता ५.८ वर आणून बाटल्यांत ओततात आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश तापमानाला पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा थोरला प्रेशर कुकर. साखरेला पर्याय म्हणून ज्या झाडाचा गाजावाजा, ते बालपणी बाटलीत साखर खाऊनच वाढते, ही गंमत आमच्या एका विद्यार्थिनीने तेथेच बोलून दाखविली.

स्टेव्हियाच्या निरोगी झाडाची, डोळा असलेली कांडी घेतात. नळाच्या पाण्याने खूप वेळ धुतात, साबणाच्या पाण्यातून काढतात, नंतर क्षणभर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये आणि काही मिनिटे मर्क्युरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात बुडवून निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा खळबळतात. मर्क्युरिक क्लोराइड हे जहाल विष आहे. यू-ट्यूबवर पाहून घरच्या घरी हा उद्योग कोणी करू नये, असे मी मुलांना मुद्दाम बजावतो.

पुढची खोली काचेपलीकडून पाहावी लागली. गाळलेली स्वच्छ हवा समोरून वाहत राहील अशा टेबलांपुढे वीस-बावीस वर्षांच्या मुली बसल्या होत्या. तोंडाला पट्टी, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात पाते. चिमटा तापवायचा, निववायचा, बाटलीतून कोंबांचा गुच्छ काढायचा, डोळ्याडोळ्याला कापायचा, नव्या बाटलीत रोवायचा, झाकण लावायचे. एकही शब्द नाही, कारण बोलण्यानेसुद्धा जंतू जातात. बाटलीत खुराक असतो तो रोपासाठी, पण बुरशीलाही तोच आवडतो. एक बीज आत शिरले की चार दिवसांत पांढरा-काळा कापूस धरतो आणि बाटली फेकून द्यावी लागते.

भरलेल्या बाटल्या वाढ-खोलीत फळ्यांवर मांडतात. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास, रोज सोळा तास उजेड, आठ तास अंधार. चार आठवड्यांत एका डोळ्याचे चार कोंब झाले असे धरा. मुलांनो, पाढा म्हणा : पहिल्या महिन्यात चार, मग सोळा, चौसष्ट, दोनशे छप्पन्न, एक हजार चोवीस, आणि सहाव्या महिन्याला चार हजार शहाण्णव! हा हिशेब अर्थात कागदावरचा. काही बाटल्या बुरशीत जातात, काही कोंब वाढत नाहीत. शिवाय एकाच मूळ तुकड्यापासून वर्षानुवर्षे कापत राहिले तर वेडीवाकडी, निराळ्या गुणांची रोपे निघू लागतात, म्हणून चांगली प्रयोगशाळा ठराविक फेऱ्यांनंतर थांबते आणि मूळ झाडापासून नव्याने सुरुवात करते.

येथे थांबून मला पालकांना मुख्य गोष्ट सांगावयाची आहे. या सगळ्या खटाटोपात कोठेही पान गोड करण्याचा कार्यक्रम नाही. मूळ झाड जसे, तशीच हजार रोपे. ते गोड असेल तर हजार गोड, ते फिके असेल तर हजार फिकी. तेव्हा पत्रकात टिश्यू कल्चर असे छापलेले पाहून भुलण्यापेक्षा, "तुमच्या मूळ झाडाच्या पानांचा तपासणी अहवाल दाखवा, स्टेव्हिओसाइड किती, रेबाउडिओसाइड-ए किती?" असे विचारावे. रोपे विकणाऱ्याकडे हा कागद नसेल, तर त्याच्या रोपाला प्रयोगशाळेची किंमत का द्यावी, हे मला तरी समजत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देण्याची व्यवस्था केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून सुरू केली आहे. ते मान्यतापत्रही मागावे.

दुसरी गोष्ट बाटलीच्या बाहेरची. बाटलीतले रोप दिसायला मोठे गोंडस, पण ते लाडावलेले असते. आत हवा दमट, म्हणून पानावर मेणाचा थर जेमतेम. पानाची छिद्रे उघडी, ती मिटण्याची सवय नाही. मुळांना केसमुळे नसल्यासारखीच. असे रोप बाटलीतून काढून थेट उन्हात ठेवले तर दुपारपर्यंत माना टाकते. म्हणून मुळांचे अगर धुऊन, बुरशीनाशकाच्या सौम्य पाण्यातून काढून ते कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावतात. पहिले दोन-तीन आठवडे प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली भरपूर दमटपणा, मग रोज थोडी हवा, नंतर तीन-चार आठवडे शेडनेटखाली. याला हार्डनिंग म्हणतात. दीड-दोन महिन्यांचे हे संगोपन कंटाळवाणे आणि खर्चाचे असते, आणि लबाडी होते ती बहुधा येथेच. घाईने आठ-दहा दिवसांत रोपे गाडीत भरून शेतकऱ्याच्या बांधावर उतरविली की मर त्याच्या माथी. रोप घेताना एक-दोन ट्रे उलटून पाहावेत. मातीचा गड्डा मुळांनी धरून ठेवलेला असावा, आणि नवी पाने बाटलीबाहेर फुटलेली असावीत.

आता शेतातले बोलू. स्टेव्हियाची मुळे उथळ. तिला ओल सतत हवी, पण पाणी साचलेले मुळीच चालत नाही. आपल्या नदीकाठच्या काळ्या चोपणात, जेथे पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी उभे राहते, तेथे हे पीक घेऊच नये. निचऱ्याची जमीन, उंच वाफे, ठिबक आणि हाताने खुरपणी करणारी माणसे, एवढे जमत असेल तर पुढे विचार करावा.

भूगोलाच्या शिक्षकाला आवडेल अशी एक गोष्ट यात आहे. हे झाड दिवस लहान झाला की फुलावर येते. दिवस सुमारे तेरा तासांहून मोठा असेल तोवर ते पाने वाढविते. झाडाच्या जातीनुसार यात फरक पडतो. आता आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या फारसा वर जात नाही. म्हणजे आपल्या रानात त्याला फुलण्याची सतत घाई. आणि फुलावर आले की पानातील गोडी उतरू लागते. म्हणून कळ्या दिसताच कापणी करावी लागते, लग्नकार्य आहे म्हणून पंधरा दिवस पुढे ढकलता येत नाही. प्रयोगशाळेत सोळा तास दिवे का जळतात, त्याचाही उलगडा यातून होतो.

आता हिशेब. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकरी सुमारे तीस हजार रोपे बसतात. सातवीच्या मुलांनी हे गणित घरी करून पाहावे. समजा रोप पाच रुपयांना मिळाले. दीड लाख रुपये केवळ रोपांचे! त्यावर ठिबक, वाफे, मजुरी, वाळवणीची जागा. शेकडा दहा मर झाली तर तीन हजार रोपे पुन्हा आणा, म्हणजे आणखी पंधरा हजार. हेच दोन गुंठ्यांपुरते केले तर रोपे पंधराशे, पैसे साडेसात हजार. आणि टिश्यू कल्चरची चांगली रोपे एकदा दोन गुंठ्यांत जगली की पुढची लागण त्यांच्याच छाटांपासून आपली आपल्याला करता येते, कारण छाटही मूळ झाडाचीच नक्कल. प्रयोगशाळेचे रोप बेणे म्हणून आणावे, रान भरण्यासाठी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रोपे विकणारा हे सांगणार नाही.

आखातातून आलेल्या आमच्या चाचांनी हेच केले. दोन गुंठे लावले. सखल बाजूची चार-पाच सरींतली रोपे पहिल्याच पावसाळ्यात कुजली, वरच्या अंगाची टिकली. पाने कापून, सावलीत वाळवून, पोती भरून त्यांनी पत्रकावरच्या क्रमांकावर फोन लावला. पहिल्यांदा "पुढच्या आठवड्यात गाडी येते", मग "माल कमी आहे, एक टन झाल्यावर कळवा", मग फोन उचलणे बंद. करार माझ्याकडे आणला होता. त्यात खरेदीचा दर ठळक होता. खरेदी केली नाही तर काय, याविषयी एक ओळही नव्हती. इमू पक्ष्यांच्या वेळी आपल्या लोकांनी हेच भोगले. चाचांचे नुकसान दोन गुंठ्यांपुरते राहिले, कारण लावले दोन गुंठेच. दुसऱ्या पालकांनी लागण केली नाही. त्यांची मुलगी आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ती या सभागृहात बसली आहे.

बाजाराचे खरे चित्र असे आहे की सुकलेले पान गावच्या बाजारपेठेत विकले जात नाही. त्यातून अर्क काढून शुद्ध करणारा कारखाना लागतो. जगात या पानाचे सर्वांत मोठे उत्पादन चीनमध्ये होते आणि दर तेथल्या मालाच्या स्पर्धेत ठरतो. शिवाय परदेशांत काही कंपन्या हीच गोड द्रव्ये आता यीस्टकडून आंबवून करून घेऊ लागल्या आहेत, पानांशिवाय! पाच वर्षांच्या भरवशावर पैसे गुंतविणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे. तरी पीक वाईट आहे असे मी म्हणत नाही. आधी गिऱ्हाईक, मग रोप, असा क्रम ठेवावा.

घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांविषयी बऱ्याच भगिनींनी विचारले आहे, म्हणून थोडे सांगतो. स्टेव्हियाच्या शुद्ध अर्काने रक्तातील साखर वाढत नाही. मात्र ते औषध नव्हे. त्याच्या भरवशावर गोळी किंवा इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतेल. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले आहे की वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून अशा साखरविरहित गोड पदार्थांचा वापर करू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. दुकानातील पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. नाव स्टेव्हियाचे, आणि आत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज, असे पुष्कळदा असते. आणि ईदच्या शीरखुर्म्यात साखरेऐवजी स्टेव्हिया घातली म्हणून दादाजानना दोन वाट्या द्याव्यात, असे होत नाही. खारीक, मनुका, शेवया आणि दुधातली साखर कोठे गेली? शिवाय स्टेव्हियाचा पाक होत नाही, तांबूसही होत नाही. तेव्हा गुलाबजामच्या नादी लागू नये.

विद्यार्थ्यांसाठी मात्र मला या विषयात शेतकऱ्यापेक्षा अधिक वाव दिसतो. त्या काचेपलीकडच्या मुलींपैकी काही केवळ बारावी झालेल्या होत्या. काम तेथेच शिकल्या. देखरेख करणाऱ्या बाई वनस्पतिशास्त्रातील एम. एस्सी. स्टेव्हियाचा भाव उतरला तरी त्यांचे काम थांबत नाही, कारण तेच हात केळी, ऊस, जरबेरा, बांबू कापतात. बारावीला जीवशास्त्र घेऊन मेडिकलला क्रमांक लागला नाही म्हणजे सर्व संपले, असे समजून घरी बसलेली मुले-मुली मला दरवर्षी दिसतात. वनस्पतिशास्त्राची पदवी आहे, जैवतंत्रज्ञान आहे, कृषी पदवीसाठी सी. ई. टी. आहे, राहुरी, दापोली, अकोला, परभणी अशी चार कृषी विद्यापीठे आपल्याच राज्यात आहेत. मुलीला लॅबमध्ये पाठवावे की नाही, अशी शंका ज्या पालकांच्या मनात असेल, त्यांनी एकदा स्वतः ती खोली पाहून यावी. पुढच्या सहलीत दहा पालकांची जागा आम्ही राखून ठेवू.

शेवटी एक सूचना. विज्ञानाच्या सरांनी आणि मी मिळून शाळेच्या मागच्या नळाजवळ दोन वाफे तयार केले आहेत. एका वाफ्यात टिश्यू कल्चरची पंचवीस रोपे आणि दुसऱ्यात चाचांच्या शेतातील पंचवीस छाटे लावणार आहोत. नववी ब चे विद्यार्थी दर शनिवारी उंची, पानांची संख्या आणि पहिली कळी दिसल्याची तारीख वहीत लिहितील. ती वही ग्रंथालयात सर्वांना पाहता येईल. पावसाळा सरल्यावर छाटे वाटता येतील. ज्यांना हवी असतील त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. एका घराला चार, आणि पैसे नाहीत.